मदत हवी आहे: काळीपिवळी आणि डबलसीट मोजणारे प्रवासाचे अ‍ॅप आहे का?

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यात कळंब तालुक्यातल्या एका शाळेवर विज्ञान शिकवतो. यवतमाळहून अपडाऊन आहे. याच रस्त्याने आजूबाजूच्या शाळांवरचे बरेच शिक्षक येतात, बहुतेक आपापल्या मोटरसायकलवर एकेकटे. हा धूर कमी व्हावा असे मनापासून वाटते, म्हणून आम्ही काही जणांनी रोजच्या प्रवासाचे उत्सर्जन मोजणारे एक अ‍ॅप घेतले.

ते वेगावरून वाहन ओळखते. काळीपिवळीने (म्हणजे आमच्याकडच्या शेअर जीपने) गेलो की 'कार, प्रवासी एक' अशी नोंद होते. दुरुस्त करायला जावे तर यादीत मेट्रो आहे, ट्राम आहे, फेरीबोट आहे. डबलसीट मोटरसायकल नाही. रेंज गेली की अर्धा प्रवास नोंदवलाच जात नाही.

हिशेब मी नववीच्या मुलांकडून फळ्यावर करून घेतला. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, डिझेलचा २.७ किलोच्या आसपास. (लिटरभर पेट्रोलचे वजन पाऊण किलो, मग धूर दोन किलोंच्या वर कसा, हे मुलांनी लगेच विचारले. हवेतला ऑक्सिजन त्यात जोडला जातो, म्हणून.) लिटरला ५० किमी देणारी मोटरसायकल एकट्याने चालवली तर किलोमीटरला ४६ ग्रॅम, डबलसीट असेल तर माणशी २३. लिटरला १२ किमी देणाऱ्या डिझेल काळीपिवळीत दहा माणसे बसली तर माणशी २२-२३ ग्रॅम. म्हणजे आमच्याकडे खरा फरक पडतो तो गाडीत माणसे किती यावर, आणि नेमके तेच हे अ‍ॅप विचारत नाही. गूगल मॅप्स कमी इंधनाचा रस्ता हिरव्या पानाने दाखवते, ते चांगलेच आहे, पण फाट्यापासून गावापर्यंत रस्ताच एक असल्यावर निवडणार काय?

तर मला हवे आहे ते असे: वाहन आणि माणसांची संख्या हाताने भरता यावी, इंटरनेट नसतानाही नोंद व्हावी, आणि मराठीत असेल तर फारच उत्तम. साध्या अँड्रॉइड फोनवर चालले पाहिजे. दिवसभर जीपीएस सुरू ठेवून बॅटरी संपवणारे नको.

दुसरे म्हणजे, फक्त ओळखीच्या लोकांत 'उद्या माझ्या मागची सीट रिकामी आहे' एवढे कळवता येईल असे काही आहे का? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, पण सकाळच्या शुभेच्छांत असा मेसेज वर निघून जातो. अनोळखी माणसाला सीट देणारी शहरी अ‍ॅप्स आमच्या शिक्षिकांना नको आहेत, आणि ते मला पटते.

तिसरी गोष्ट बसची. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, त्यामुळे शिक्षिका बसला तयारच आहेत. पण बस येऊन गेली की यायची आहे, हे फाट्यावर कळत नाही. 'व्हेअर इज माय ट्रेन' गाडीत बसलेल्याच्या फोनवर मोबाईल टॉवरवरून ठिकाण काढते, इंटरनेट नसले तरी. फाट्यावरच्या बससाठी असे काही कुणी वापरले आहे का?

अ‍ॅप नसेल तर चांगली एक्सेल शीटही चालेल. विदर्भातल्या शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात, त्याआधी मिळाले तर पहिल्या दिवसापासून सुरू करू. खेड्यात प्रत्यक्ष वापरून पाहिलेल्यांनी जरूर लिहा.