क्षार म्हणजे मीठ की अल्क?

मंडळी, एक अडलंय. मुलगी दहावीत, मराठी माध्यम. पुस्तकात आहे : आम्ल + आम्लारी = क्षार + पाणी. काल मोबाइलवर हिंदीतला तास बघत होती, त्यात सर म्हणाले, क्षार लाल लिटमस निळा करतो. ती विचारते, मग मिठाच्या पाण्यानं लिटमस निळा का होत नाही? मी कॉमर्सवाला. चुकतंय कोण?

— कुणीच नाही. हिंदीत बेसला, म्हणजे आपल्या आम्लारीला, क्षारक म्हणतात, पाण्यात विरघळणाऱ्या क्षारकाला क्षार आणि सॉल्टला लवण. म्हणजे त्यांचा क्षार तो आपला अल्क, आणि त्यांचं लवण तो आपला क्षार. लेकीला सांगा, व्हिडिओ बघ खुशाल, पण पेपरात पुस्तकातलाच शब्द लिही.

जुन्या अर्थाच्या बाजूनं पाहिलं तर पारडं हिंदीचं जड आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला 11 वा अध्याय क्षार कसा करायचा यावरच आहे. वनस्पती जाळायच्या, राख पाण्यात कालवून गाळायची, आटवायची. सौम्य नको असेल तर त्यात लालबुंद तापवलेले शंखशिंपले घालायचे. आजच्या भाषेत राखेतलं पोटॅशियम कार्बोनेट आणि चुना मिळून पोटॅशियम हायड्रॉक्साइड. कातडी जाळणारा माल, आमटीत टाकायचा नव्हे! अरबीतून आलेला 'अल्कली'ही मुळात राखेचाच.

— पण मराठीनं हा घोळ शाळेच्या कितीतरी आधी घातलाय. क्षारचा झाला खार. पापडखार, सज्जीखार हे अल्कधर्मी. खारट, खारे दाणे, खारवलेले मासे हे मिठाचे. आणि लोणच्याचा खार? तो तर चक्क आंबट! आमच्याकडे बोअरचं पाणी 'क्षाराचं' म्हणतात, तिथे बादलीवर बसणारा पांढरा थर एवढाच अर्थ.

आम्लारी मात्र मला आवडतो. आम्लाचा अरी, म्हणजे शत्रू. मुलांना एकदा फोड करून सांगितली की विसरत नाहीत.

— रसायन शिकवते म्हणून भर घालते. मुलं दर वर्षी विचारतात, 'बाई, धुण्याचा सोडा क्षार आहे, मग तो लिटमस निळा कसा करतो?' क्षार म्हणजे उदासीन, ना आम्लधर्मी ना अल्कधर्मी, असं त्यांनी मिठावरून ठरवलेलं असतं. सोडियम कार्बोनेटचे आईबाप बघा : सोडियम हायड्रॉक्साइड जबर, कार्बोनिक आम्ल दुबळं. कार्बोनेट पाण्याकडून हायड्रोजन आयन ओढून घेतं, मागे हायड्रॉक्साइड उरतं. जन्मानं क्षार, गुणानं अल्कधर्मी.

नवसागराचं, म्हणजे अमोनियम क्लोराइडचं, उलटं. तिथे आम्ल जबर, अमोनिया दुबळा, म्हणून द्रावण किंचित आम्लधर्मी. कल्हईवाला तापल्या पातेल्यात नवसागराची चिमूट टाकायचा तेव्हा भसकन पांढरा धूर उठायचा आणि नाक झोंबायचं, आठवतंय? उष्णतेनं अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटे होतात, तांब्यावरचा ऑक्साइडचा थर निघतो आणि कथील सरसर पसरतं. हाही क्षारच, पण नावात ना क्षार ना खार.

— शेतीवाल्याचं ऐका. तुमच्या पुस्तकापेक्षा आमची भाषा चोख आहे. विरघळणारे क्षार साचलेली जमीन ती क्षारयुक्त, तिचा सामू (पीएच) सहसा 8.5 च्या खाली. मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसला आणि सामू 8.5 च्या वर गेला की ती चोपण. ओली झाली की चिखल, वाळली की दगड. पहिलीला चर काढून गोड्या पाण्यानं धुवा, चालतं. चोपण नुसती धुतली तर आणखी बिघडते, तिला जिप्सम लागतं. उसाला मोकाट पाणी पाजून कृष्णाकाठी दोन्ही करून ठेवल्यात आम्ही, आणि गावात दोन्हींना सरसकट 'क्षारपड' म्हणतो, हेही कबूल.

— प्रश्नकर्ता बोलतोय. लिटमस घरात नव्हता, म्हणून लेकीनं हळदीच्या पाण्यात टीपकागद बुडवून वाळवला. मिठाच्या पाण्यानं पिवळा तो पिवळाच. पापडखारानं कुंकवासारखा लाल, आजी दचकलीच. लोणच्याच्या खारात आधीच हळद, तरी पिवळाच. आता नवसागर मागतेय. मिळतो कुठे?

— सोनाराच्या सामानाच्या दुकानात विचारा. आणि तापवायला देऊ नका तिला.