खाटा वाढवून भागणार नाही
इंग्लंडमध्ये हिवाळ्यापुरत्या रुग्णालयांत खाटा वाढवल्या की झालं, असं काहीजण म्हणतात. अर्धंच पटतं. आमच्या शेजारच्या आजी जानेवारीत बऱ्या होऊनही नऊ दिवस वॉर्डातच अडकल्या. का, तर सकाळ-संध्याकाळ घरी येणारी केअरर (देखभाल करणारी बाई) ठरेना आणि कमोडची खुर्ची पोचेना! उपचार एनएचएसकडे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेकडे फुकट, पण घरची देखभाल कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे, तीही ऐपत तपासून. शिल्लक २३,२५० पौंडांच्या वर असली तर खर्च साधारणपणे आपलाच. २०२२ साली ४२ इंटिग्रेटेड केअर बोर्डं (एनएचएसची स्थानिक नियोजन मंडळं) आली ती हीच फट बुजवायला.

तातडीच्या वेळी दोन तासांत घरी येणारं एनएचएसचं पथकही असतं म्हणे. आजी पुन्हा घसरून पडल्या, त्यांच्या मुलाने १११ या एनएचएसच्या हेल्पलाइनला फोन लावला, तेव्हा कुठे आम्हाला ते कळलं.