शब्दचर्चा: फायर डोअरमधल्या ‘इंट्युमेसंट ग्रिल’ला मराठीत काय म्हणावं?

दारफळी:
आमच्या गृहसंकुलाच्या अग्निसुरक्षा पुस्तिकेचं मराठी करते आहे. वाचणार कोण, तर सुरक्षारक्षक, इलेक्ट्रिशियन आणि समितीवरची निवृत्त मंडळी. मीटर रूम आणि यूपीएसची खोली यांना फायर डोअर, म्हणजे आग ठरावीक वेळ अडवून धरणारी दारं आहेत. आतली यंत्रं तापतात, म्हणून दाराच्या खालच्या भागात हवा खेळायला जाळी बसवली आहे. एरवी तिच्यातून हवा जाते-येते. आग लागली की जाळीच्या पट्ट्या उष्णतेनं फुगतात आणि सगळ्या फटी बंद होतात. मूळ मजकुरात तिला ‘इंट्युमेसंट एअर ट्रान्सफर ग्रिल’ म्हटलंय. यंत्रानं केलेला अनुवाद निघाला ‘उष्णता-सीलिंग वायुवीजन लोखंडी जाळी’. हे घेऊन समितीपुढे जायची माझी हिंमत नाही. नुसतं ‘अग्निरोधक जाळी’ चालेल का?

पाना-पक्कड:
नको. ‘अग्निरोधक’ म्हटलं की ती वस्तू सदासर्वकाळ आग अडवते असं वाटतं. तुमची जाळी एरवी सताड उघडी असते, आणि हेच वाचणाऱ्याला कळायला हवं. ‘ग्रिल’ही टाळा. मराठीत ग्रिल म्हणजे खिडकीला चोरापासून लावतो ते. साइटवर आम्ही ‘जाळी’ किंवा ‘लूव्हर’ म्हणतो.

शब्द ठरवण्याआधी एक पाहून घ्या, कारण या कामाच्या दोन वेगळ्या वस्तू असतात. एकीत तिरप्या पात्यांची किंवा पडद्यासारखी झडप असते, ती एका छोट्या धातूच्या दुव्यानं उघडी धरलेली असते. साधारण ७२ अंश सेल्सिअसला तो दुवा वितळतो आणि झडप पडते. तिला बेलाशक ‘झडप’ म्हणा. दुसरीत हलणारा भाग एकही नसतो. पट्ट्यांमधला पदार्थच फुगतो. तुमची ही दुसरी दिसते, तिला झडप म्हणू नका. नाहीतर देखभालीला आलेला माणूस ‘झडप हलते का’ म्हणून पट्ट्या वाकवून बघेल.

पाणिनीचा शेजारी:
मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ सुजणं, फुगणं. संस्कृतात ‘स्फीत’ आहे. ‘तापस्फीत जाळी’ किंवा ‘तापस्फीती वातायनी’ सुचवतो. रचना शुद्ध आहे, शिवाय ‘तापस्फीत रंग’, ‘तापस्फीत पट्टी’ असा सगळा संच त्यातून तयार होतो. दाराच्या चौकटीतल्या खाचेत बसवतात ती पट्टीही याच तत्त्वावर चालते.

दारफळी:
संच होतो हे पटलं. पण आमचे रक्षक ‘तापस्फीती’ वाचून दवाखान्यात जातील. आणि समितीत एक निवृत्त बँक मॅनेजर आहेत, त्यांना हिंदीतली मुद्रास्फीती आठवणार.

उंबरठा:
मग ‘तापबंद जाळी’? हवाबंद, कुलूपबंद यांच्या ओळीत बसतो. लहान आहे, उच्चारायला सोपा आहे.

पाना-पक्कड:
लहान आहे खरा, पण उलटा अर्थ देतो. हवाबंद डबा म्हणजे ज्यात हवेला वाट नाही असा डबा. त्याच चालीनं ‘तापबंद’ म्हणजे उष्णतेला वाट नाही अशी जाळी. तुम्हाला म्हणायचंय ‘तापानं बंद होणारी’. शिवाय तांत्रिकदृष्ट्याही अडचण आहे. जाळी फुगल्यावर ज्वाला आणि तप्त वायू अडतात, पण म्हणून पलीकडचा पत्रा गार राहतो असं नाही. अग्निचाचणीत या दोन गोष्टी वेगळ्या मोजतात: ज्वाला आरपार न जाऊ देणं आणि पलीकडची बाजू फार न तापू देणं.

सवागी:
सगळे फुगण्याला शब्द शोधताहेत आणि तो आपल्याकडे पूर्वीपासून आहे. लाही. ज्वारीच्या लाह्यांबद्दल बोलत नाही. वैद्य आणि सोनार हा शब्द ज्या अर्थानं वापरतात, तो म्हणतोय. तुरटी तव्यावर तापवली की आधी स्वतःतल्या पाण्यात विरघळते, मग खदखदून फुगते आणि पांढरा, हलका, सच्छिद्र गोळा उरतो. ती ‘तुरटीची लाही’. टाकणखाराची, म्हणजे सवागीचीही लाही करतात. डाक देताना, म्हणजे सांधा जोडताना, सोनाराच्या फुंकणीपुढे सवागी आधी फुलते, मग वितळते.

आणि हे नुसतं दिसायला सारखं नाही, घडतंही तेच. या जाळ्यांमध्ये वापरल्या जाणाऱ्या पदार्थांपैकी एक आहे सोडियम सिलिकेट. त्यात पाणी बांधलेलं असतं. शंभर अंशांच्या थोडं वर गेलं की त्या पाण्याची वाफ होते आणि सगळं फेसासारखं फुगून कडक होतं. तुरटीच्या लाहीतही फुगवणारं असतं ते हेच बांधलेलं पाणी. दुसरा पदार्थ प्रसरणशील ग्राफाइट. त्याच्या थरांत आम्ल अडकवलेलं असतं. तापमान दोनशे अंशांच्या आसपास गेलं की त्याचा वायू होऊन थर एकमेकांपासून दूर ढकलले जातात. इथे पाणी नाही, पण आतल्या वायूनं फुलणं तेच. तेव्हा ‘इंट्युमेसंट’ पदार्थ म्हणजे ‘लाही होणारा पदार्थ’. समासच हवा असेल तर ‘लाहीजाळी’.

पाणिनीचा शेजारी:
‘तुरटीची लाही’ मान्य, सुरेख आहे. पण ‘लाहीजाळी’ ऐकून लाह्या चाळायची चाळण डोळ्यांपुढे येते.

सवागी:
येऊ दे की. ‘तापस्फीती’ ऐकून तर काहीच डोळ्यांपुढे येत नाही.

थेम्सकाठचा:
इंग्लंडमध्ये इमारतींच्या कामात आहे. शब्दापेक्षा अर्थाबद्दल एक भर घालतो, कारण नाव चुकलं तर इथे माणसं चुकतात. ही जाळी धुराला अडवत नाही. तिला उष्णता हवी. वायर धुमसायला लागली की बराच वेळ धूर येतो, पण तो गारच असतो. तो जाळीतून निवांत बाहेर कॉरिडॉरमध्ये येतो आणि पट्ट्या ढिम्म राहतात. त्यात जाळी असते दाराच्या खालच्या भागात. पेटलेल्या खोलीत गरम वायू वर जमतात आणि खालून उलट गार हवा आत ओढली जाते. म्हणून खालच्या जाळीला तापायला आणखी उशीर लागतो.

इथल्या दारांच्या वर्गवारीत ‘एफडी ३०’ म्हणजे ३० मिनिटांचं फायर डोअर आणि ‘एफडी ३०एस’ म्हणजे तेच, शिवाय गार धूर अडवणारं. त्या ‘एस’साठी गळतीची मर्यादा आहे: २५ पास्कल दाबाला फटीच्या दर मीटरमागे तासाला ३ घनमीटर. अशा दारात साधी फुगणारी जाळी बसवली की तो ‘एस’ पुसून टाकायचा. धूरही अडवायचा असेल तर धूरशोधकाच्या इशाऱ्यावर बंद होणारी झडप लागते. वितळणाऱ्या दुव्याचीही गत तीच. सुटकेच्या मार्गाच्या संरक्षणाला केवळ दुव्यावर चालणारे डँपर, म्हणजे हवेच्या वाटेतल्या झडपा, इथलं मार्गदर्शन पुरेसे धरत नाही. तेव्हा मराठी नावात ‘धूर’ हा शब्द कुठेही येऊ देऊ नका, आणि नावात ‘उष्णतेनं’ असायलाच हवं.

दारफळी:
हे फार बरं झालं. मूळ पुस्तिकेत ‘आग व धूर यांपासून संरक्षण’ असं एकाच दमात लिहिलंय, मीही तसंच उतरवत होते. यूपीएसची खोली थेट जिन्याजवळ आहे, सल्लागाराला विचारावं लागेल. नावासाठी आता ‘उष्णतेनं मिटणारी जाळी’ वर आले आहे.

उंबरठा:
‘मिटणारी’ गोड आहे, पण डोळे मिटतात, छत्री मिटते, लाजाळूची पानं मिटतात. कडा एकमेकींजवळ येतात तेव्हा मिटणं. इथे पट्ट्या जागच्या हलत नाहीत, मधली पोकळी आतून भरत येते. त्याला मराठीत ‘बुजणं’ म्हणतात. भोक बुजतं, विहीर बुजते, कान टोचून डूल घातलं नाही तर छिद्र बुजतं. झडप पडते, पाकळी मिटते, फट बुजते. ‘उष्णतेनं बुजणारी जाळी’.

पाणिनीचा शेजारी:
बैलही बुजतो.

उंबरठा:
बैलाला दारात बसवत नाहीत.

सवागी:
‘बुजणारी’ला माझं मत. नाव त्यावरून ठेवा, आणि ती कशामुळे बुजते हे सांगताना लाही वापरा.

दारफळी:
ठरलं. मसुदा असा:
‘मीटर रूमच्या फायर डोअरला खाली उष्णतेने बुजणारी जाळी आहे. आगीची झळ लागल्यावर जाळीच्या पट्ट्यांतील पदार्थाची लाही होते व फटी बुजतात. त्याआधी जाळीतून धूर बाहेर येऊ शकतो. जाळीवर कागद, पुठ्ठा लावू नये. जाळीसमोर सामान ठेवू नये. दाराला नवीन भोक पाडू नये.’

पाना-पक्कड:
उत्तम. दोन दुरुस्त्या. ‘नवीन भोक पाडू नये’च्या पुढे ‘जाळी परस्पर बदलू नये’ घाला. दार आणि जाळी यांची जोडी चाचणीत एकत्र उतरलेली असावी लागते. फॅब्रिकेटरनं कटर लावून बाजारातली कुठलीही जाळी बसवली की दारावरच्या प्लेटवरची मिनिटं त्या दाराची राहत नाहीत. आणि ‘इंट्युमेसंट’ हा शब्द देवनागरीत एकदा तरी कुठेतरी ठेवा, शक्यतो मॉडेल क्रमांकाच्या शेजारी. जानेवारी आणि जुलैत ‘नमुना ब’साठी, म्हणजे अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याच्या महाराष्ट्रातल्या सहामाही दाखल्यासाठी, एजन्सीचा माणूस येतो, तो तोच शब्द शोधतो. ‘बुजणारी जाळी’ दाखवा म्हणालात तर तो उंदराचं बीळ शोधेल.

दारफळी:
परिशिष्टात टाकते. ‘फायर डोअर’ला मात्र हात लावत नाही. ‘अग्निरोधी द्वार’ लिहिलं तर रक्षक विचारतील, हे कुठलं मंदिर.