मलोंग, ओकिर, बातोक: मराठीत काय म्हणावं?

नवशिका : फिलिपाईन्सच्या मिंदानाओ बेटावरच्या मारानाओ लोकांच्या कारागिरीवर मराठीत लिहितोय. लानाव तळ्याकाठची ही मुसलमान जमात. सोबत देशाच्या उत्तरेकडच्या डोंगरातले कालिंगा लोकही घेतोय. 'मलोंग' हे मारानाओंचं वस्त्र. आपल्या हाजी मलंगातल्या मलंगाशी त्याचं नातं असेल का? 'ओकिर' म्हणजे नक्षी, ते तर सरळ आपलं 'उकरणे' वाटतं. आणि कालिंगांच्या 'बातोक'ला गोंदण म्हणू का?

काठपदर : मलंग म्हणजे फकीर, तो शब्द फारसीतून आला. मलोंगशी संबंध शून्य. मलोंग म्हणजे दोन टोकं एकमेकांना शिवून नळीसारखं केलेलं कापड. 'लुंगी' लिहिलंत तर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बाप्या उभा राहतो, मलोंग मात्र बायकाही नेसतात. रात्री तेच पांघरायचं, त्याचीच झोळी करून पोराला झोके द्यायचे आणि माणूस गेला की त्यातच गुंडाळायचं. भारीतल्या मलोंगाला 'लांदाप' म्हणतात. त्याला 'लांगकित' नावाचे वेगळे विणलेले नक्षीदार पट्टे जोडतात. माझं मत, शब्द 'मलोंग'च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात समजावून सांगा.

उलटतपासणी : 'उकरणे'चा मोह मलाही झाला होता. पण मलय आणि जावानीज भाषांत कोरण्याला 'उकिर' म्हणतात, सुलू बेटांवरचे तावसुग 'उक्किल' म्हणतात. म्हणजे शब्द त्या बाजूच्याच भाषांचा. गंमत अशी की ज्या शब्दाबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत तो आपल्याकडचा आहे! ओकिरमधल्या सापाच्या आकृतीला 'नागा' किंवा 'नियागा' म्हणतात, तो संस्कृतातला नाग. सरदाराच्या घराला 'तोरोगान' म्हणतात. त्याच्या बाहेर आलेल्या तुळयांच्या टोकांना, म्हणजे 'पानोलोंग'ला, हा नाग कोरतात. पण तो वेलबुट्टीत असा विरघळलेला असतो की शोधावा लागतो, कारण इस्लाममुळे प्राण्यांच्या स्पष्ट आकृती टाळतात. आणि ओकिरला नुसतं 'कोरीव काम' म्हणू नका. तीच नक्षी लाकडावर, पितळेवर आणि कापडावरही असते. 'वेलबुट्टी' जवळचा शब्द.

पपनस : बातोकला गोंदण म्हणायला हरकत नाही, पण कृती सांगा. माझ्या आजीला गोंदणारणीने सुया टोचून तुळस काढली होती. कालिंगा पपनसाच्या झाडाचा काटा काडीच्या टोकाला बसवतात, पाण्यात कालवलेली काजळी लावतात आणि दुसऱ्या काडीने वरून टकटक ठोकतात. बुस्कालान गावच्या व्हांग-ओद आजी याच कामामुळे जगभर माहीत झाल्या. जन्म १९१७चा आणि एप्रिल २०२३मध्ये 'व्होग फिलिपाईन्स'च्या मुखपृष्ठावर! अर्थ मात्र आपल्यासारखा नाही. पुरुषाच्या छातीवरचं गोंदण लढाईत कमवायचं असे, बायकांचं शोभेचं. काही भाषातज्ज्ञ 'बाटिक' शब्दाचं मूळही गोंदण्याच्याच एका प्राचीन शब्दात शोधतात. आणि कालिंगा हे नाव कलिंग देशावरून आलं असं लिहू नका हं. शेजारच्या इबानाग भाषेत त्याचा अर्थ 'मुंडकी तोडणारे' असा सांगतात.

घाटावरचा : शेजाऱ्यांनीच ठेवलेलं नाव, आमच्या 'घाटी'सारखं! त्या डोंगरातल्या सगळ्यांना 'इगोरोत' म्हणतात, त्याचा मूळ अर्थही डोंगरातले लोक एवढाच. तोही पुढे शिवीसारखा वापरला गेला. काही जण आज अभिमानाने मिरवतात, काहींना नको असतो. लेखात जमातीचंच नाव लिहा.

नवशिका : आभारी. एक राहिलं. तुगाया गावचे पितळकाम करणारे 'लुतुआन' बनवतात, चांदी जडवलेली पेटी. आत पान, सुपारी, चुना, तंबाखूचे कप्पे. याला काय म्हणू?

पपनस : पानाचा डबा. याला कसली चर्चा?