जुन्या लॅपटॉपवर मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायला फॅण्टसी स्ट्रॅटेजी गेम सुचवा

कोथरूड_डेपो: चौघे आहोत. दोघे कोथरूडला, एक हडपसरला, एक पिंपरीत. लॅपटॉप जुने, ४ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही. एल्फ, ऑर्क, जादूगार चालतील, पण डोकं चालवावं लागलं पाहिजे. भराभर क्लिक करायचे गेम नकोत, आणि पैसे ओतेल तो जिंकेल असे फोनवरचे तर नकोतच.

उंटाची_तिरकी_चाल: डोळे झाकून 'बॅटल फॉर वेसनॉथ' घ्या. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००३ पासून चालू आहे. पाळीपाळीने खेळायचा, त्यामुळे नेट थोडं अडखळलं तरी काही बिघडत नाही. चौघांनी एकच आवृत्ती टाका. एकाकडे १.१६ आणि दुसऱ्याकडे १.१८ असेल तर एका सामन्यात भेटच होणार नाही. आधी ट्युटोरियल, मग 'द साउथ गार्ड' ही मोहीम आणि त्यानंतरच मल्टिप्लेअर.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा: वार लागण्याची शक्यता मार खाणारा कुठे उभा आहे त्यावर ठरते, मारणारा कुठे आहे त्यावर नाही. साधा माणूस सपाट जमिनीवर असेल तर ६० टक्के वार लागतात, गावात ४०, उथळ पाण्यात तब्बल ८०. म्हणून नदी ओलांडायची घाई करू नका, शत्रूला पाण्यात उतरू द्या. जादूगाराचा वार मात्र कुठल्याही जमिनीवर ७० टक्के, म्हणून जंगलात दडलेल्या एल्फवर तोच सोडायचा.

कोथरूड_डेपो: टाकला, मस्त आहे! पण माणसांची फौज घेतली की सुरुवातीला सरशी होते आणि पुढे ऑर्क अक्षरशः कापून काढतात. कुठे चुकतंय?

उंटाची_तिरकी_चाल: स्क्रीनवरचं दिवस-रात्रीचं चित्र बघा. सहा टर्नचं चक्र असतं: पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्रीचे दोन प्रहर. माणसं बहुतेक दिवसाची, त्यांना उजेडात २५ टक्के जास्त जोर आणि रात्री तेवढाच कमी. ऑर्कचं नेमकं उलटं. भालाईत ७ चे तीन वार करतो, ऑर्कांचा साधा सैनिक ग्रंट ९ चे दोन. दिवसा हेच ९ चे तीन विरुद्ध ७ चे दोन होतात, रात्री ५ चे तीन विरुद्ध ११ चे दोन. माणसं तीच, गणित पालटलं.

तेव्हा संध्याकाळ झाली की मागे सरा. जखमींना गावात बसवा, दर टर्नला ८ हिटपॉइंट (म्हणजे जीव) भरून येतात. पहाटे पुन्हा चढाई. मागे हटताना दोन युनिटमध्ये नकाशावरची दोन घरं (षटकोनी चौकटी) मोकळी सोडली तरी चालतं, कारण शेजारच्या घरात शिरलेला शत्रू तिथेच थांबतो. अपवाद फक्त स्कर्मिशरचा, म्हणजे असं न अडकता निसटून जाण्याची क्षमता असलेल्या सैनिकाचा.

सातवा_दिवस: थोडे पैसे घालायची तयारी असेल तर 'हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३', १९९९ चा, या लॅपटॉपवर आरामात पळेल. पण 'कम्प्लीट' आवृत्तीच घ्या. २०१५ ची 'एचडी एडिशन' दिसायला चकचकीत आहे, पण तिच्यात विस्तार (नंतर आलेले जोडभाग) नाहीत आणि 'हॉर्न ऑफ द अबिस' हा मॉड, म्हणजे चाहत्यांनी बनवलेली भर, तिच्यावर चालत नाही. ऑनलाइन लॉबी, म्हणजे खेळाडू जिथे जमून सामना ठरवतात ती जागा, त्या मॉडबरोबरच मिळते. नवे सैनिक आठवड्याच्या पहिल्या दिवशी येतात, म्हणून सातव्या दिवसाच्या आत शहरात सिटाडेल ही तटबंदी बांधा, सैनिकांची पैदास दीडपट होते. त्यापुढची कॅसल झाली तर दुप्पट. पहिल्याच दिवशी २५०० सोनं देऊन टॅव्हर्नमधून दुसरा हिरो घ्या. त्याचं सैन्य मुख्य हिरोला द्या आणि या दुसऱ्याला लाकूड-खनिज गोळा करायला धाडा.

चौघांनी मात्र आधी वेसनॉथच. हिरोजमध्ये चौघांत एकेकाची पाळी यायला फार वेळ लागतो, तो दोघांत रंगतो.

कोथरूड_डेपो: गुरुवारी दिवसा खेळायचं म्हटलं तर वीज जाते, त्याचं काय?

उंटाची_तिरकी_चाल: राउटरला मिनी यूपीएस लावा. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या, बहुतेक १२ व्होल्टचे असतात. तरीही डाव तुटलाच तर वेसनॉथ दर टर्नला आपोआप सेव्ह करतो. यजमानाने लॉबीत नवा सामना उघडून तीच सेव्ह लोड करायची आणि बाकीच्यांनी आपापली बाजू पकडायची.