शब्दचर्चा : किमया

एका दिवाळी अंकासाठी 'अकूस्टिक अल्केमी' या इंग्लंडच्या जॅझ बँडवर लेख लिहितेय. अल्केमीला मी 'किमया' लिहिलं, संपादकांनी खोडून 'रसायनविद्या' केलं. किमया म्हणजे जादू, असं त्यांचं म्हणणं. मला ते फार लागलंय. जाणकारांनी सांगावं.

---

ताई, तुमचाच शब्द ठेवा. किमया आणि अल्केमी हा मुळात एकच शब्द आहे! अरबीत 'अल्-कीमिया'. 'अल्' हे नुसतं उपपद. लॅटिनमधून युरोपात जाताना ते शब्दाला चिकटूनच गेलं (अल्जेब्रा, अल्कोहोलमध्येही तेच). फारसीतून आपल्याकडे शब्द आला तो 'अल्' मागे ठेवून. हलक्या धातूचं सोनं करण्याची विद्या हाच मराठीतलाही जुना अर्थ, किमयागार त्यातलाच. जादूची छटा नंतरची.

---

वरच्या प्रतिसादाला जोडून. परीस नुसता टेकला की लोखंडाचं सोनं होतं. किमयेला भट्टी लागते, मूस लागते, रात्री जागवाव्या लागतात. म्हणून या बँडला हाच शब्द शोभतो. 1981 मध्ये निक वेब आणि सायमन जेम्स यांनी तो सुरू केला. जेम्स बाहेर पडले, ग्रेग कारमायकल आले. पहिला अल्बम निघाला थेट 1987 मध्ये. त्याआधी हे दोघं अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत प्रवाशांसमोर वाजवत होते.

आणि धातूही आहेच की. वेब यांच्या गिटारला पोलादी तारा, कारमायकल यांच्या गिटारला नायलॉनच्या. हेडफोन लावून ऐका: नायलॉनचा स्वर गोल, मऊ, लवकर विरणारा, पोलादाचा झणकार कड घेऊन येतो आणि मागे रेंगाळतो. दोन्ही मिळून जो तिसराच आवाज तयार होतो, त्याला मी तरी किमयाच म्हणेन.

---

दोघांचे मनापासून आभार. आणखी एक शंका. वेब 1998 मध्ये कर्करोगाने गेले. तिथे मी 'जुगलबंदी संपली' असं लिहिलंय. चालेल?

---

जुगलबंदी नको. तिच्यात दोघं बरोबरीने, आयत्या वेळी सुचेल तसं एकमेकांना उत्तर देत जातात. इथे चाली बऱ्याचशा आधी बांधलेल्या. एक गिटार गाते, दुसरी तिला धरून चालते. त्याला आपल्याकडे 'साथ' म्हणतात, आणि तोच शब्द सोबतीलाही आहे. 'साथ सुटली' लिहा, वाजवण्यातली आणि आयुष्यातली दोन्ही त्यात येतात.

मात्र 'बँड संपला' असं कुठे ध्वनित होऊ देऊ नका. पोलादी तारा माइल्स गिल्डरडेल यांनी हाती घेतल्या आणि 2018 मध्येही त्यांचा नवा अल्बम आला.

---

'साथ सुटली' करतेय. आणि अल्-कीमियाचा सगळा प्रवास आजच संपादकांना कळवते.