३० इंची बेस म्हणजे 'पोरांचं खेळणं'? मग माझ्या अंगठ्याशी बोला

उशिरा_आलेला
काल "साठीत बेस गिटार शिकायची आहे, कुठली घेऊ?" असं एकाने विचारलं. त्यावर मंद्रराव यांचं उत्तर: "शिकायचं तर ३४ इंचीच घ्या. शॉर्ट स्केल म्हणजे पोरांचं खेळणं. हात पुरत नसेल तर युकुलेले घ्या." (इंच म्हणजे तारेची वाजणारी लांबी; ३० च्या आसपासचा तो शॉर्ट स्केल.) तिथेच लिहायला बसलो, पण मजकूर एवढा वाढला की वेगळा धागा काढतोय.

मी ६२ वर्षांचा. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी संधिवात. मागच्या वर्षी अस्साच सल्ला ऐकून ३४ इंची, चांगला जाडजूड बेस आणला. पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या रेघा) तर्जनी आणि चौथ्यावर करंगळी ठेवायची तर मधलं अंतर जवळपास १३ सेंटिमीटर. पट्टी लावून मोजलंय. ३० इंचीवर तेच साडेअकराच्या आत-बाहेर. दीड सेंटिमीटरने काय होतं, असं तरण्या हातांनी म्हणावं. मी बोटं पुरेनात म्हणून अंगठा मानेच्या मागे दाबून धरायचो, आणि रात्री बाटलीचं झाकण उघडायला बायकोला हाक मारायचो. दोन महिन्यांत बेस कोपऱ्यात गेला. नंतर नंतर त्याच्यावर टॉवेल वाळत असायचा.

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एकाचा ३० इंची मांडीवर घेतला. जाड्या तारेवरचा पहिल्या फ्रेटचा एफ सूर, ज्यासाठी मी खांदा पुढे काढून अख्खा वाकायचो, तो बसल्या जागी हाताला लागला. तेव्हा माझा स्वच्छ प्रश्न: रोज वाजणारं खेळणं बरं की टॉवेल वाळवणारं खरं वाद्य?

मंद्रराव
माझं नाव घेऊन धागा काढलात, आभार. आता ऐका. नाचता येईना अंगण वाकडे. एका बोटाला एक फ्रेट हा हट्ट गिटारवाल्यांचा. कॉन्ट्राबासची, म्हणजे उभ्याने वाजवायच्या त्या मोठ्या बेसची, तार ४०-४२ इंचांची असते, तिथे काय सगळे राक्षस वाजवतात का? सिमांडल या कॉन्ट्राबासच्या जुन्या शिक्षकाच्या पद्धतीत खालच्या जागी तर्जनी, मधलं आणि करंगळी. अनामिका करंगळीला टेकू देते. चार नाही, तीनच फ्रेट. वरचा सूर हवा तर हात सरकवा. तुमचं तंत्र चुकलं आणि खापर इंचांवर फोडलंत.

दुसरं, शॉर्ट स्केलवर ई ची, म्हणजे सगळ्यात जाड, तार थुलथुलीत होते. हे माझं मत नाही, कान आहेत त्यांना ऐकू येतं.

घोडी_आणि_खुंटी
कान राहू द्या, गणित बघा. तीच तार त्याच सुरात लावली तर ताण लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. ३० भागिले ३४, त्याचा वर्ग, साधारण ०.७८. म्हणजे ताण २२ टक्क्यांनी कमी. मंद्रराव ज्याला थुलथुलीत म्हणतात त्यालाच दुखऱ्या बोटांचा माणूस मऊ म्हणतो. फारच लोळत असेल तर तारांचा थोडा जाड सेट लावा. फ्लॅटवाउंड (बाहेरून सपाट गुंडाळीच्या) तारा लावा, बोटांखाली गुळगुळीत आणि सरकताना किरकिर नाही. फक्त विकत घेताना शॉर्ट स्केलचाच सेट मागा, नाहीतर जाड भाग खुंटीवर गुंडाळला जातो आणि तार तिथेच खचते.

सिमांडलचा मुद्दा मात्र बरोबर आहे. नाइलाजाने मान्य.

जमदग्नी_६८
सगळे इंच मोजताय, किलो कोणी मोजत नाही! माझा पहिला बेस साडेचार किलोचा. अर्धा तास उभं राहिलो की डावा खांदा दुसऱ्या दिवशी आठवण करून द्यायचा. शॉर्ट स्केलवाले बरेचसे तीन-साडेतीनमध्ये बसतात. आणि नुसतं वजन नाही, तोल! हलकं अंग आणि लांब मान असली की मान जमिनीकडे धावते आणि डावा हात सूर दाबायचा सोडून हमालासारखा मान उचलून धरतो. दुकानात पट्टा अडकवा, दोन्ही हात सोडा. बेसने मुंडी टाकली तर परत ठेवा, मग कितीही लाडाचा रंग असो.

आता माझं दुखणं. पहिल्या वेळी मला 'नवशिक्यांचा संच' गळ्यात मारला. बेस, अँप (आवाज वाढवणारा डबा), पिशवी, पट्टा, सगळं एकात. पट्टा दोन बोटं रुंद, खांद्यात रुतायचा. बाराव्या फ्रेटवर तार इतकी उंच की खालून पेन्सिल गेली असती. मला वाटलं बेस असाच असतो, बोटं सोलेपर्यंत दाबत राहिलो. सहा महिन्यांनी एका जाणत्याने ट्रस रॉड (मानेतली सळई) फिरवून, घोडी खाली करून तार अडीच मिलिमीटरवर आणली. घरी येऊन वाजवला आणि अक्षरशः शिव्या दिल्या, स्वतःलाच. पैसे कमी असतील तर बेस स्वस्त घ्या, वापरलेला घ्या, पण सेटअपचे पैसे बाजूला ठेवा.

लयीतली_ताई
जमदग्नीकाकांना शंभर टक्के. एक भर घालते: बोटं आखडत असतील तर उजव्या हातात सरळ पिक (तार छेडायचा प्लास्टिकचा तुकडा) धरा. माझं मधलं बोट वाकलं की अडकायचं, शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून पिकनेच वाजवते. कुणाचं काही बिघडलं नाही.

मंद्रराव
बिघडलं! बेसचं बिघडलं. बेस दोन बोटं आलटून पालटून वाजवायचा. पिक लावलं की सूर जातो आणि खटखट उरते. ज्यांना गिटारमध्ये जागा मिळत नाही ते बेसवर येतात आणि येताना खिशात पिक घेऊन येतात.

लयीतली_ताई
बेसवादक कॅरोल के यांना सांगा बरं हे. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत त्या पिकनेच वाजवत होत्या, आणि हो, आधी गिटारच वाजवायच्या. आली होती ना खिशात घेऊन!

मंद्रराव
अपवाद. दुसऱ्या बाजूला मोटाउन कंपनीच्या गाण्यांवर वाजवणारा जेमर्सन बघा. बोटांनी.

घोडी_आणि_खुंटी
बोटांनी नाही, बोटाने. एकाच तर्जनीने. तुमच्याच 'दोन बोटं आलटून पालटून' नियमात तो नापास. हवं तर एका बोटाने वाजवा, पण मग शास्त्र सांगू नका.

मंद्रराव
एका बोटाची आणि प्लास्टिकच्या तुकड्याची बरोबरी? तुम्हाला वाजवायचं आहे की वाद घालायचा आहे? २० वर्षं स्टेजवर उभा राहिलोय मी.

लयीतली_ताई
स्टेजवर आम्हीही उभ्या राहिलोय मंद्रराव. आवाज चढवून मंद्र सप्तक लागत नाही.

टेकू
मी फक्त वाचत होतो. मूळ प्रश्न एका साठीच्या गृहस्थांचा होता, ते घाबरून पळाले असतील. आणि बीटल्सच्या मॅकार्टनीचं नाव अजून कसं नाही आलं? हॉफनर ५००/१ बेस, १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये घेतलेला, ३० इंचांच्या आसपास. आणि पिकने! एका दगडात मंद्ररावांचे दोन्ही पक्षी.

मंद्रराव
त्यानेच पुढे रिकेनबॅकर बेस हातात घेतला, ते सोयीस्कर विसरा.

घोडी_आणि_खुंटी
त्याचं स्केल सव्वातेहतीस इंच. तोही तुमच्या ३४ मध्ये बसत नाही. आणखी हवेत? क्रीम या रॉक बँडमध्ये असताना जॅक ब्रूसचा गिब्सन ईबी-३ शॉर्ट स्केल. जॅझवाल्या स्टॅन्ली क्लार्कचा अलेम्बिक शॉर्ट स्केल. पोरं म्हणायची का यांना?

मंद्रराव
बरं बाबा, खेळणं हा शब्द मागे घेतो. पिकचा नाही घेणार. एका वाद्यवृंदात १२ वर्षं वाजवत होतो. एका सकाळी तालमीला गेलो तर माझ्या जागी २३ वर्षांचा मुलगा, पिक घेऊन. "आवाज जरा उठून येतो" म्हणाले. मला कुणी फोनसुद्धा केला नव्हता.

लयीतली_ताई
हे वाईटच झालं. पण मग राग त्या लोकांवर काढा ना, माझ्या बोटावर कशाला?

जमदग्नी_६८
सगळे पाणी प्या. उशिरासाहेब, शेवटी काय घेताय ते सांगा. स्क्वायरचा ब्रॉन्को ३० इंची आहे, एकच पिकअप (तारेचा आवाज पकडणारं चुंबक), बटणांचा गोंधळ नाही. आयबनेझ मिक्रो २८.६ इंची, मात्र तो मला मांडीवर जरा अरुंद वाटला. घाई नसेल तर ३२ इंचीही एकदा हातात घेऊन बघा, मधला मार्ग निघतो. आणि मोठा अँप आत्ता नको. हेडफोनचा छोटा अँप पुरे, घरातली शांतता टिकते.

उशिरा_आलेला
ओळखीतल्याचाच घेतोय. त्याने एका पिकअपजवळ चरा पाडलाय म्हणून स्वस्तात देतोय. तारा फ्लॅटवाउंड बदलून घेईन. सिमांडलची बोटं कालपासून सुरू केली. मंद्रराव, सांगायला जड जातंय, पण अंगठा कमी दुखला. तुमचा सल्ला ३४ इंचीसाठी होता, मी ३० वर वापरला. चोरी समजा.

मंद्रराव
समजतो. आणि त्या जमदग्नींच्या किलोमुळे काल झोप नाही आली. वजनकाट्यावर एकदा नुसता उभा राहिलो, एकदा बेस घेऊन. फरक ४.७ किलो. आता कोणी एक अक्षर बोलायचं नाही.

जमदग्नी_६८
पट्टा किती रुंद आहे?

मंद्रराव
दोन बोटं.